पशुवैद्यकाच्या वाटेवरचा अभ्यास : तप, फळ आणि स्वधर्म

पशुवैद्यकीय पदवीच्या तयारीत विज्ञानाचा जो भार विद्यार्थ्यावर येतो, त्याकडे बहुधा वेळापत्रकाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते: किती तास, कोणता क्लास, किती टेस्ट सिरीज. या हिशेबाच्या तळाशी मात्र काही जुने धर्मप्रश्न आहेत. कष्टाला मर्यादा असावी का? फळाची इच्छा धरून केलेला अभ्यास कमी प्रतीचा ठरतो का? पहिल्या पसंतीने न मिळालेले काम स्वधर्म होऊ शकते का? मुक्या जिवाचे दुःख दूर करायला करुणा पुरते, की त्यासाठी ज्ञानाचा हा सगळा भार उचलावाच लागतो? या प्रश्नांचा विचार करायला नागपूर योग्य ठिकाण आहे. सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून या शहरात आहे आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. याच शहरात दीक्षाभूमी आहे, आणि विनोबांचे पवनार व गांधीजींचे सेवाग्राम शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहेत.

भाराचे स्वरूप

पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश 'नीट'च्या गुणवत्ता क्रमांकावर मिळतो. तीन तासांत १८० प्रश्न आणि ७२० गुण, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. त्याच वर्षी बारावी बोर्डाची लेखी परीक्षा असते आणि तिच्यासाठी उत्तरे सविस्तर लिहिण्याचा सराव लागतो. भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक असते, इंग्रजी असते. हातचा पर्याय म्हणून बरेच जण राज्याची सीईटीही देतात. तिच्यात चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे पेपर सोडवण्याची रीत पुन्हा वेगळी. म्हणजे एकाच अभ्यासक्रमाकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहावे लागते. फेब्रुवारीत सुरू झालेली ही परीक्षांची रांग विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात संपते. क्रमांक लागला नाही तर रिपीटर बॅचमध्ये आणखी एक वर्ष जाते.

प्रवेश मिळाल्यावर भार कमी होत नाही. पदवी साडेपाच वर्षांची आहे आणि तिच्यात एक वर्ष आंतरवासिता. मानवी वैद्यकाचा विद्यार्थी एका प्रजातीचे शरीर शिकतो. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा, कोंबडी यांची शरीरे शेजारी ठेवून शिकावी लागतात. रवंथ करणाऱ्या जनावराचे जठर चार कप्प्यांचे, घोड्याचे एकाच कप्प्याचे. म्हणून एकाचा आहार किंवा औषधाची मात्रा दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. हा भार एखाद्या विद्यापीठाने उगाच लादलेला नसून जीवसृष्टीच्या विविधतेतूनच तो येतो.

तप आणि मर्यादा

कष्टाच्या मर्यादेविषयी नागपुरात दोन परंपरा शेजारी नांदतात. एक आहे अठरा तास अभ्यासाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त राज्यभरची महाविद्यालये, ग्रंथालये आणि वस्त्या सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम करतात. कोलंबिया आणि लंडन येथे बाबासाहेबांनी केलेल्या प्रचंड अभ्यासाला ते अभिवादन असते. त्या अभ्यासामागे एक स्पष्ट कारण होते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुक्तीचे साधन ज्ञान हेच होते. तासांची संख्या त्या कारणातून निघाली, आणि कारणाशिवाय नुसती संख्या उचलली तर व्रताचा सांगाडा तेवढा हाती राहतो.

दुसरी परंपरा बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात स्वीकारलेल्या धम्माची आहे. बौद्ध वाङ्मयात सोण नावाच्या भिक्खूची कथा येते. श्रीमंत घरात वाढलेला हा तरुण चंक्रमण, म्हणजे चालत केलेले ध्यान, करताना पाय रक्ताळेपर्यंत चालला, तरी त्याला सिद्धी मिळेना. तो निराश झाला तेव्हा बुद्धांनी त्याला, तो पूर्वी वाजवत असे त्या वीणेविषयी विचारले. तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडली तर? सोणाला उत्तर माहीत होते. बुद्धांनी त्याला वीर्य, म्हणजे प्रयत्न, सोडायला सांगितले नाही. प्रयत्नाचा समतोल साधायला सांगितले. अष्टांगिक मार्गात 'सम्यक् व्यायाम' आहे, आणि त्यातल्या 'सम्यक्' शब्दाचा अर्थ ही कथा दाखवते.

भगवद्गीताही याच निष्कर्षाला येते. सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला किंवा मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला किंवा सतत जागणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे. सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार येतात. श्रद्धेने व फळाची ओढ न धरता केलेले तप सात्त्विक, मानासाठी व दिखाव्यासाठी केलेले राजस, आणि हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तामस. ही कसोटी अभ्यासाला जशीच्या तशी लावता येते. शेजारच्या बाकावरचा पहाटे दोनपर्यंत जागतो म्हणून जागणे राजस आहे. डोके चालेनासे झाल्यावरही अपराधी वाटू नये म्हणून पुस्तक उघडे ठेवून बसणे तामस आहे. शरीरविज्ञानही याला पुष्टी देते. दिवसभर शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, त्यामुळे झोप कापून मिळवलेले तास आधीच्या तासांचीच मिळकत खातात. तपाची थोरवी मान्य करणाऱ्या बौद्ध आणि गीतेच्या दोन्ही परंपरांनी आत्मपीडेला श्रेष्ठ तप मानलेले नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या घरच्यांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

फळाचा प्रश्न

कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हा गीतेचा उपदेश निकालाच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवला जातो. त्यावर विद्यार्थ्याच्या मनात उठणारी शंका रास्त आहे. सगळी व्यवस्थाच क्रमांकासाठी उभी असताना फळाकडे न पाहता अभ्यास कसा करायचा?

येथे फळ आणि हेतू यांत फरक केला पाहिजे. पशुवैद्य होणे, जनावरांची सेवा करण्याइतके समर्थ होणे, हा हेतू आहे. तो सोडायला गीता सांगत नाही. हेतूशिवाय कर्मच घडत नाही, आणि तिसऱ्या अध्यायातली लोकसंग्रहाची, म्हणजे लोकहिताची, कल्पना तर हेतू अधिक व्यापक करायलाच सांगते. फळ म्हणजे विशिष्ट दिवशी हाती येणारा विशिष्ट निकाल. 'नीट'चा क्रमांक ही तर मुळातच सापेक्ष गोष्ट आहे. तेवढेच गुण एका वर्षी प्रवेश मिळवून देतात, दुसऱ्या वर्षी देत नाहीत, कारण क्रमांक इतर लाखो विद्यार्थ्यांच्या गुणांवर ठरतो. प्रश्न समजून घेणे विद्यार्थ्याच्या हातात आहे. इतरांनी किती सोडवले हे त्याच्या हातात नाही. गीतेचे वचन येथे सांत्वनासाठी सांगितलेले राहत नाही, वस्तुस्थितीचे वर्णन होते.

तरीही एक गंभीर आक्षेप उरतो. यवतमाळच्या कोरडवाहू कापूस उत्पादकाने कर्ज काढून नागपुरात क्लासची आणि खोलीची सोय केली असेल, तर त्याच्या मुलीला फळाची चिंता करू नको असे सांगणे क्रूर नाही का? तिच्यासाठी फळ म्हणजे हाव नाही, घराची गरज आहे. हा आक्षेप खरा आहे आणि कोणत्याही श्लोकाने तो झाकता येत नाही. शिकवण्यांचा खर्च, मर्यादित जागा, परीक्षेची रचना हे समाजाने सोडवायचे प्रश्न आहेत आणि अनासक्तीचा उपदेश त्यांच्यावरचे उत्तर नव्हे. अनासक्ती एवढेच सांगू शकते की क्रमांक हे त्या मुलीच्या मोलाचे माप नाही. हे तिला कोणी वेळेवर आणि मनापासून सांगितले तर ते जीव वाचवणारे वाक्य ठरू शकते.

भार हलका कसा होतो याचे सर्वांत उपयुक्त विवेचन विनोबांचे आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली 'गीता प्रवचने' मराठी घरांत आजही वाचली जातात. त्यांत कर्म, विकर्म आणि अकर्म अशी मांडणी आहे. बाहेरून दिसणारी कृती ते कर्म. त्या कृतीला आतून मनाची जी जोड मिळते ते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कर्माचा बोजा वाटेनासा होतो, तेच अकर्म. विज्ञानाच्या अभ्यासाला ही मांडणी चांगली लागू पडते. विसरण आणि परासरण हा धडा नुसता पर्याय निवडण्यासाठी पाठ केला तर तो कर्मच राहतो. हगवणीने सुकत चाललेल्या वासराला सलाइन का द्यायची आणि तिच्यात क्षार किती हवेत, याचे उत्तर त्याच धड्यात आहे हे एकदा मनात ठसले की त्याला विकर्माची जोड मिळते. पाने तेवढीच राहतात. ती वाचणाऱ्या मनाची स्थिती बदलते.

दुसरी पसंती आणि स्वधर्म

पशुवैद्यकाकडे येणाऱ्या वाटेवर एक दुखरी जागा आहे. अनेक विद्यार्थी एमबीबीएसला क्रमांक लागला नाही म्हणून या पदवीला येतात. 'गुरांचा डॉक्टर' हे शब्द काही घरांत अजूनही थोडे खालच्या स्वरात उच्चारले जातात. गीतेने परधर्मापेक्षा उणा असलेला स्वधर्मही श्रेष्ठ मानला आहे. मग असा अपघाताने मिळालेला व्यवसाय स्वधर्म की परधर्म?

या प्रश्नाला हात घालताना आंबेडकरांची टीका बाजूला ठेवता येत नाही. स्वधर्माची ती कल्पना चातुर्वर्ण्याशी बांधलेली आहे आणि गीता त्या व्यवस्थेला तात्त्विक आधार देते, असा त्यांचा आक्षेप होता. पशुवैद्यकाच्या संदर्भात त्याला विशेष धार येते. मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम या समाजाने जन्माच्या आधारे काही जातींवर लादले आणि ते केले म्हणून त्यांनाच अस्पृश्य ठरवले. बाबासाहेबांनी आपल्या समाजाला हे काम सोडायला सांगितले, ते श्रमाच्या तिरस्कारापोटी नव्हे. माणसाचे काम जन्माने ठरवण्याला त्यांचा नकार होता. आज पशुवैद्यकीय महाविद्यालयात सर्व जातींची मुले-मुली जनावराच्या मृत शरीरावर वाकून शरीररचना शिकतात, शवविच्छेदनाने मृत्यूचे कारण शोधतात. ज्या स्पर्शाला विटाळ म्हटले गेले, तोच स्पर्श येथे ज्ञानाचे दार आहे. विटाळ त्या शरीरात कधीच नव्हता, हे शरीररचनेचा तास दररोज सिद्ध करतो.

म्हणून स्वधर्माचा अर्थ जन्मातून काढता येत नाही, तसाच तो प्रवेशअर्जातल्या पसंतीच्या क्रमातूनही काढता येत नाही. अर्ज भरताना विद्यार्थ्याला जे काम ठाऊकच नसते, त्याविषयीची पसंती फार तर ऐकीव असते. स्वधर्म घडतो तो समोर आलेल्या गरजेला दिलेल्या प्रतिसादातून. अडलेल्या गाईचे वासरू सोडवताना पहाट होते, त्या घराचे वर्षाचे उत्पन्न त्या एका गाईवर असते, आणि तेथे दुसरे कोणी येणार नसते. अशा वेळी काम कोणत्या पसंतीने मिळाले हा प्रश्नच गळून पडतो. विदर्भात गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस आणि बेरारी शेळी या येथल्याच मातीतल्या जाती आहेत. पेंच आणि ताडोबाच्या जंगलांमुळे वन्यप्राण्यांच्या उपचाराचे काम आहे, आणि गोरेवाड्याला त्यासाठी वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे आहे. गरज खरी असेल आणि विद्यार्थी तिच्यापुढे स्वतःला बदलू देत असेल, तर दुसऱ्या पसंतीने आलेला मनुष्यही पहिल्या प्रतीचा पशुवैद्य होतो.

करुणा आणि ज्ञान

महाराष्ट्राची भूतदयेची परंपरा समृद्ध आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे एकनाथ आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतात. पोळ्याला विदर्भातले शेतकरी बैलाची खांदेशेकणी करतात आणि त्याला सजवून पुजतात. दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याची प्रतिज्ञा आहे.

याहून जुना पुरावाही नागपुरातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळच्या देवटेक येथे सापडलेला शिलालेख येथील मध्यवर्ती संग्रहालयात ठेवला आहे. त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे, आणि वा. वि. मिराशी यांनी ती अशोकाच्या काळातली मानली. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात आणखी एक पाऊल टाकले. माणसांसाठी आणि पशूंसाठी, अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे व त्यासाठी औषधी वनस्पती लावल्याचे त्यात नमूद आहे. मारू नका ही आज्ञा हिंसा थांबवते. रोग बरा करायचा तर वनस्पतींचे गुण जाणणारा कोणीतरी लागतो.

ज्ञानाविना करुणा किती घातक होऊ शकते याचे उदाहरण गिधाडांचे आहे. दुखणाऱ्या गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक दिले जाई, आणि देणाऱ्याचा हेतू दयेचाच असे. त्या जनावरांची कलेवरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे मात्र त्या औषधाने निकामी झाली आणि भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला प्राणघातक ठरते, कारण ती पचवून निरुपद्रवी करणारी रासायनिक यंत्रणा तिच्या यकृतात पुरेशी नसते. रसायनशास्त्राचा कंटाळवाणा वाटणारा धडा आणि अहिंसा यांचे नाते इतके थेट आहे. न जाणता केलेल्या उपकाराने जीव जातो, म्हणून जाणून घेणे हा अहिंसेचाच भाग ठरतो.

ज्ञानाची गरज सर्वांत कठीण रूपात समोर येते ती दयामरणाच्या प्रसंगी. १९२८ साली साबरमती आश्रमातले एक वासरू असह्य वेदनेत होते. उपचाराचा उपयोग उरलेला नाही असे वैद्यकीय मत मिळाल्यावर गांधीजींनी त्याला इंजेक्शनने मरण देण्यास संमती दिली. देशभरातून टीका झाली. त्यांनी आपली भूमिका लिहून मांडली: स्वार्थाने किंवा रागाने जीव घेणे ही हिंसा आहे, पण दुसरा कोणताही उपाय नसताना दुःखाचा अंत करणे अहिंसेत बसू शकते. हा निर्णय पटो वा न पटो, तो रोगाच्या निदानावर उभा होता हे विसरता येत नाही. आशा नाही हे सांगणारे मत चुकीचे असते तर सगळा नैतिक युक्तिवादच कोसळला असता. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदाही दुःखात असलेल्या, न वाचणाऱ्या जनावराचा अंत करण्याची तरतूद करतो आणि तेथे पशुवैद्यकाच्या प्रमाणपत्राला स्थान देतो. ती सही करणाऱ्याने रोगनिदान नीट शिकलेले असणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, आणि त्या शिक्षणाचा पाया अकरावीच्या जीवशास्त्रात घातला जातो.

अवधान

अभ्यास आणि करुणा यांना जोडणारा दुवा फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेल यांनी १९४२ साली लिहिलेल्या एका निबंधात दाखवला आहे. वेल यांनी संस्कृत शिकून गीता वाचली होती. त्यांच्या मते शालेय अभ्यासाचे खरे फळ म्हणजे अवधानाची शक्ती. भूमितीचा प्रश्न सुटला नाही तरी त्यावर खरेपणाने दिलेले लक्ष वाया जात नाही. तीच शक्ती पुढे दुःखी माणसाकडे पाहताना उपयोगी पडते, कारण दुःखिताला हवा असतो तो आपल्याला काय होते आहे हे मनापासून विचारणारा कोणीतरी.

पशुवैद्यकाचा रुग्ण या प्रश्नाला शब्दांत उत्तर देऊ शकत नाही. गाईला विचारायचे ते तापमापकाने, डाव्या कुशीवर मूठ ठेवून पोटाची हालचाल मोजून, श्वास ऐकून, शेण पाहून, कान गार आहेत का ते हाताने चाचपून. मालक जे सांगतो ते ऐकायचे आणि जे सांगायचे राहून गेले ते जनावराच्या अंगावरून वाचायचे. माणसाच्या डॉक्टरला जितके अवधान लागते त्याहून ते येथे जास्त लागते.

मिनिटाला एक प्रश्न सोडवायला लावणारी परीक्षा या अवधानाला पोषक नाही हे मान्य करायला हवे. ती वेग तपासते, आणि गोठ्यात संयम लागतो. परंतु परीक्षा जशी आहे तशी असताना तिच्या तयारीचा मोठा भाग अवधानाने करता येतो. चुकलेल्या प्रश्नाकडे परत जाऊन तो का चुकला हे शोधणे, आकृती स्वतः काढणे, पेशी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकासमोर घाई न करणे, यांत जाणारा वेळ गुणांसाठीही उपयोगी आहे आणि पुढच्या कामासाठीही. पतंजलीने अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदरपूर्वक व्हावा. क्लासच्या वेळापत्रकात पहिल्या दोन अटी पूर्ण होतात. तिसरी विद्यार्थ्याला स्वतः पूर्ण करावी लागते.

यावरून कोणता भार उचलावा आणि कोणता टाकावा हे ठरवता येते. तुलनेचा, दिखाव्याचा आणि आत्मपीडेचा भार टाकण्याजोगा आहे. त्याने ज्ञान वाढत नाही आणि धर्मही साधत नाही. क्रमांकाची चिंता पूर्ण जाणार नाही, पण तिला स्वतःच्या मोलाचे माप होऊ देऊ नये. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा जो भार उरतो तो मात्र कमी करून मागण्यासारखा नाही. ज्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही त्याच्या बाजूने कोणीतरी ते जाणून घेतलेले असावे लागते, आणि ते जाणून घेण्याची जबाबदारी पशुवैद्यकाची वाट धरणाऱ्याने पहिल्या दिवसापासून स्वीकारलेली असते.